नाव न घेता संपलेलं गाणं

पियानो टेम्पोतून आला. तो गाद्यांत गुंडाळलेला होता आणि वरून नायलॉनची दोरी आवळलेली होती. बागेच्या फाटकाशी गजरे घेऊन बसलेल्या बाईनं मान उंच करून पाहिलं आणि शेजारच्या शेंगदाणेवालीला विचारलं, "कुनाचं लगीन हाय गं? कपाट आलंय." हमालांनी गाद्या सोडल्या. काळं, चकचकीत लाकूड बाहेर आलं. एकानं झाकण उघडलं, तशा पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दिसल्या.

"कपाट कुटलं, पेटी हाय ती," शेंगदाणेवाली म्हणाली. "पेटीची आजी."

हे ऐकून आई हसली. खांदे हलले, आवाज आला नाही.

पनवेलच्या तळ्याकाठची ही बाग. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि संध्याकाळच्या या कार्यक्रमाला कोणीही यावं असं फलकावर लिहिलं होतं. मुंबईहून पाच वादक आले होते. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला, दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो, आणि पियानो. गवतावर एक बुटकं लाकडी व्यासपीठ, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पहिल्या रांगेवर पाहुण्यांसाठी पांढरी कापडं घातली होती. आईनं दुसऱ्या रांगेतली मधली खुर्ची मागितली. मागितली म्हणजे माझी बाही ओढली आणि बोट दाखवलं. बरेच दिवस घरातला कारभार असाच चालला होता.

तिच्या घशातली गाठ काढली होती. तपासणीत ती साधी निघाली. शस्त्रक्रियेनंतर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ते तिनं पाळलं. मग मुदत संपली. डॉक्टरांनी नळीतून आत पाहिलं, म्हणाले, "छान भरलंय, आजी. आता हळूहळू बोलायला लागा." तिनं मान डोलावली, पिशवी उचलली आणि बाहेर आली. त्यानंतरही ती बोलली नाही.

घर उलट मोठ्या आवाजाचं झालं. कोणाला बोलवायचं तर ती लाटणं पोळपाटावर आपटे. चहा झाला की कपबशी खणखणवी. राग आला की पातेलं. गल्लीतल्या मांजराला तिनं टाळ्या वाजवून इतकं पळवलं की ते नुसत्या टाळीनं पळू लागलं. माझी धाकटी बहीण रंजना रोज सकाळी फोन करी आणि पहिला प्रश्न तोच विचारी. "बोलली?" उत्तरही तेच असे. आईला आवाज नकोसा झाला होता की एकटीनं कधी घसा लावून पाहिल्यावर काहीच आलं नव्हतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. रंजनाच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ठरलं होतं, आणि आई धवलारीण आहे.

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. धवला हे लग्नाचं गाणं, पण नुसतं गाणं नव्हे. लग्नातला प्रत्येक विधी त्यावर चालतो. मांडवात उंबराची डहाळी रोवायची तर त्याचा धवला, हळद कुटायची तर त्याचा, नवऱ्याला न्हाऊ घालायचं तर त्याचा. वाद्य नाही, ठेका नाही. दोघी-तिघी बायका तांदळाच्या पिठानं रेखलेल्या चौकाशेजारी बसतात आणि सरळ, लांब ओळीत गातात. जी पुढं असते ती ओळ उचलते. मागच्या ती धरतात. पुढचीचा दम संपत येतो तिथं, शेवटच्या अक्षराखालून, मागचीचा आवाज आत शिरतो, त्यामुळे गाण्याला कुठं फट पडत नाही. आमच्या गावात आई पुढं असे आणि पारूकाकी मागं.

त्या सकाळींचा वास आधी आठवतो. ओल्या शेणाची जमीन, पिठी, सुपारीचं कातरण, आणि उखळातून उठणारा हळदीचा तिखट धुरळा, ज्यानं मुसळ धरलेल्या बायकांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होत. गावाच्या एका अंगाला मिठागरं होती. तिकडून वारा आला की ओठ खारट होत. ओहोटीला खाडी मागं सरे आणि चिखलावर निवट्या, ते बोटभर मासे, उड्या मारत. त्यांचा चपचप आवाज मांडवापर्यंत येई. दारात बेंजो पार्टी येऊन बसलेली असे. बेंजोवाल्याच्या मांडीवर ती बटणांची पेटी, ढोलवाल्याच्या पायाशी ढोल. पण आत धवला चालू असला की ते वाजवत नसत. बिडी विझवून, वाद्यावर हात ठेवून वाट पाहत. भटजी आले तरी थांबत. नवऱ्याचा मामा घाईवर आला तर त्याला कोणीतरी बाहीला धरून खाली बसवी. धवला चालू असताना नारळ फुटत नसे, टिळा लागत नसे, कोणी जागचं हलत नसे.

आणि प्रत्येक धवल्याच्या शेवटी नावं येत. नवरा, नवरी, दोघांचे आईबाप, गावाची देवी. नावं घेतली की धवला पुरा. मग मांडवातली सगळी माणसं एकदम श्वास सोडत, पोरं धावत सुटत, बाहेर बेंजोची तार झणाणून उठे.

व्यासपीठावर निवेदकांनी माईक हातात घेतला. झब्बा, जाकीट, आवाज कमावलेला. त्यांनी रसिकांचं स्वागत केलं, बागेचं कौतुक केलं, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांची ओळख करून दिली, जे पाहुणे यायचे होते त्यांचीही करून दिली. वादकांकडे वळले तेव्हा त्यांच्याजवळची वाक्यं संपली असावीत. "आणि हे आपले कलाकार," असं म्हणून ते बाजूला झाले.

मग ते पाच जण वाजवू लागले.

आधी पियानो एकटाच होता. खोल, सावकाश. तळ्याच्या पलीकडच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते, कडेच्या झाडावर साळुंक्या जागेसाठी भांडत होत्या, कोणाचं तरी पोर फुग्यासाठी रडत होतं. त्या सगळ्याच्या खालून तो आवाज आला आणि त्यानं स्वतःपुरती जागा करून घेतली. मग चेलो. वाजवणारी मुलगी तिशीच्या आतली असेल, केस वर बांधलेले. तिचा गज तारेवरून आडवा सरकत होता. त्याचा आवाज माणसाच्या घशातून आल्यासारखा होता. आईनं पदर सावरला आणि पुढं झुकली.

एक विमान गेलं. आता ती आमच्या डोक्यावरूनच चढतात. विमान दिसलं की आई खाडीच्या दिशेला बोट करते, दर वेळी. पूर्वी सोबत बोलायची. "आपल्या पिंपलावरून उठलं बघ." पिंपळ नाही. पिंपळाखालची चावडी नाही, तळं नाही, मिठागराचे पांढरे ढीग नाहीत. तिथं धावपट्टी आहे. गाव उठलं त्या आठवड्यात घरातली प्रत्येक वस्तू ट्रकमध्ये चढली. जातं चढलं, पाटा-वरवंटा चढला, कोंबड्यांची खुराडी चढली. उखळ राहिलं. ते जमिनीत पुरलेलं होतं आणि खणायला गेलं तर फुटेल असं आई म्हणाली. तिनं ते आतून पुसून घेतलं, त्यावर सूप पालथं घातलं आणि आम्ही निघालो. आता लग्नाला हळद पाकिटातून येते. वास बेताचा असतो.

नव्या जागी लग्नं हॉलमध्ये होऊ लागली. हॉलमध्ये पिठाचा चौक फरशीवर काढावा लागे आणि मागाहून सफाईवाले तो पुसून टाकत. एका बाजूला डीजेचे खोके रचलेले असत, दुसऱ्या बाजूला जेवणाची भांडी. धवल्यासाठी आईच्या हातात माईक देत आणि "काकी, लवकर आटपा," असं सांगत. पारूकाकी दुसऱ्या वसाहतीत राहायला गेली, नंतर वारली. मागं धरायला रंजना बसू लागली. आईचा आवाज तेव्हाही उंच आणि सरळ होता, अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेसारखा ताठ. मग तो वरच्या बाजूला चिरकू लागला. मग एका लग्नात मध्येच गेला, आणि तेव्हा बाहेरच्या खोक्यांतून गाणं सुरूच होतं, त्यामुळे रंजनाशिवाय कोणाच्या ते ध्यानात आलं नाही.

ती रंजना आता आईच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. कार्यक्रमाचा बेत तिचाच. "घरात बसून काय व्हायचंय," ती म्हणाली होती. "निदान चार मान्सं बघंल." पहिल्या दोन रचना झाल्या तेव्हा टाळ्या वाजवताना ती आईच्या तोंडाकडे बघत होती. आईचं लक्ष वादकांवर होतं. एका व्हायोलिनची ओळ संपत आली की दुसरं तिच्या शेपटाखालून वर येई, आणि त्या क्षणी आईची हनुवटी किंचित उचलली जाई. असं दर वेळी होत होतं. तिला ते कळत होतं असं दिसलं नाही.

शेवटची रचना संथ होती. ऊन उतरलं होतं, तळ्यावरून गारवा येत होता, शेवाळाचा आणि भाजलेल्या कणसांचा वास एकत्र. पियानो पुन्हा एकटा झाला. व्हायोलिन थांबली, व्हायोला थांबला. चेलोचा एक लांब स्वर राहिला, बारीक होत गेला, आणि कुठं संपला ते नीट कळलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. चेलोवालीचा गज अजून हवेत होता.

तेवढ्यात निवेदक शाली आणि नारळ घेऊन वर चढले. मागून एक कार्यकर्ता पुष्पगुच्छ घेऊन. "रसिकहो, आता मी आयोजकांच्या वतीनं आभार..."

"आरं थांब!"

आवाज दुसऱ्या रांगेतून आला होता.

"गानं तोरू नको रं! पुरं होऊ दे त्यांचं!"

आई उभी होती. एक हात पुढं केलेला, बोट निवेदकांवर. निवेदक एक पाय व्यासपीठावर आणि एक पायरीवर असे थांबले. बागेतली माणसं वळून पाहू लागली. रंजनानं माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली.

"मातोश्री," निवेदक काखेतल्या माईककडे मान वाकवून म्हणाले, "कार्यक्रम संपला आहे."

"कसा संपला? नाव घेतलं का कुनाचं? शेवटाला नाव नाय घेतलं, न् संपला सांगतंस?"

पहिल्या रांगेतले पाहुणे हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, बरोबर हाय तुमचं!" चेलोवाल्या मुलीनं गज खाली घेतला, वाद्य आडवं ठेवलं आणि व्यासपीठाच्या कडेला येऊन गुडघ्यांवर बसली.

"आजी, खरंच संपलं हो. ते असंच संपतं. हळूहळू."

"आसं कसं संपंल? पावना दारात उभा र्‍हावा न् काय न सांगता निंगून जावा, तसं?"

मुलगी मोठ्यानं हसली. "अगदी तसंच! पण आमच्यात शब्द नसतात ना. नाव कसं घेणार?"

"शब्द नसतात तं तोंड हाय ना?"

आता बागच हसली. पियानोवर बसलेले पिकल्या केसांचे गृहस्थ उठून पुढं आले आणि त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी निवेदकांकडून माईक मागून घेतला. निवेदकांनी तो दिला, कारण त्यांच्या दोन्ही हातांत नारळ होते आणि तो काखेतून सुटतच होता.

"बाई म्हणतात ते खरं आहे," ते म्हणाले. त्यांची मराठी थोडी कोकणीकडं झुकलेली होती. "आमची नावं राहिलीच. मी ऑस्विन." त्यांनी माईक मुलीपुढं धरला. "मी मृण्मयी," ती म्हणाली. मग माईक उरलेल्या तिघांकडे फिरला. नाव सांगताना प्रत्येकानं आपल्या वाद्यावर छोटीशी ओळ वाजवली. व्हायोलावाला लाजला, त्यानं ओळ दोनदा वाजवली. टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच.

"हां," आई खाली बसत म्हणाली. "आता द्या नारल."

निवेदकांनी नारळ दिले.

आवाज आधीचा नव्हता, हे लिहिलं पाहिजे. तो बराच खाली उतरला होता. कडेला घोगरा होता, 'थांब' म्हणताना फुटला होता. पण 'गानं' हा शब्द सरळ गेला होता, पायरीवरच्या माणसापर्यंत, माईकशिवाय. रंजना रडत होती आणि रडताना हसत होती, आणि आई तिला म्हणत होती, "काय झालं? कशाला रडतंस? मान्सं बघतात."

"आय, तू बोललीस."

आईनं हात गळ्यापाशी नेला. तिथं बोटं टेकवली. मग म्हणाली, "तो मेला नारल घेऊन चढला, मी काय करू?"

त्यानंतर ती थांबली नाही. फाटकाशी येईपर्यंत तिनं खुर्च्यांच्या मांडणीबद्दल, पाहुण्यांबद्दल, व्हायोलावाल्या मुलाच्या तब्येतीबद्दल ("जेवत नाय तो") मत दिलं. शेंगदाणेवालीनं तिला ओळखलं. "मावशी, तुमी वरडलात ना मगाशी? लय भारी." आईनं तिच्याकडून शेंगदाणे घेतले आणि ते नीट भाजले नसल्याचं तिला सांगितलं. रंजना सारखी बजावत होती, "आय, हळू. डॉक्टरांनी हळू सांगितलंय." आई आवाज उतरवी आणि दोन वाक्यांनी पुन्हा चढवी. आमच्या मागं पियानो गाद्यांत गुंडाळला जात होता. हमाल एकमेकांना हाका मारत होते.

आम्ही रिक्षात बसलो. आई मधे. बसस्थानकाच्या वळणावर गर्दी होती, तिथं ती रिक्षावाल्याला वाट सांगत राहिली. वाट त्याला माहीत होती. गर्दीतून सुटल्यावर वारा आत आला, आणि जो प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता तो रंजनानं विचारला.

"मंग पोरीच्या लग्नाला धवला बोलशील ना?"

आई बाहेर बघत होती. तिनं घसा साफ केला. ओठ मिटून, आतल्या आत, एक ओळ लावून पाहिली. रिक्षाच्या आवाजात ती आम्हाला अर्धीच ऐकू आली. सुरुवात नीट झाली. वर चढायची जागा आली आणि तिथं नुसती हवा निघाली. तिनं तीच जागा पुन्हा घेतली. पुन्हा हवा. मग खालच्या अंगानं घेतली तेव्हा आवाज आला, जाड आणि स्थिर. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"नाय," ती म्हणाली. "वर नाय जात आता. उचलायची तू. मी मागं."

"मला नाय येत उचलायला."

"इतकी वर्सं मागं बसलीस ती काय झोपलेलीस?"

"मागं बसनं येगलं, आय. पुढं मी चुकंन."

"चुक ना मंग. मी हाय ना मागं."

आमच्या आठवणीत आई कधी मागं बसलेली नाही. मांडवात नाही, शेतात नाही, ट्रकमध्येसुद्धा ती ड्रायव्हरशेजारी बसून आली होती. हे वाक्य बोलताना तिचा चेहरा पडलेला नव्हता. तो मोकळा दिसत होता, ओझं खाली ठेवून पदर झटकणाऱ्या बाईचा असतो तसा. अर्थात ते ओझं तिनं टाकलं नव्हतं, दुसरीच्या डोक्यावर दिलं होतं, आणि ते नीट बसलं आहे का हे पाहायला ती जवळच राहणार होती.

गाढी नदीच्या पुलावर रंजनानं पहिली ओळ उचलली. बारीक आवाजात, दाराकडे तोंड करून, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि वेग कमी केला. ओळ अर्ध्यावर आली, तिथं ती चुकली.

आईनं मांडीवर हात आपटून तिला थांबवलं.

"परत," ती म्हणाली. "पयल्यापासनं."